घर नसल्याचा दाखला

९ जानेवारी

चष्म्याच्या काचांच्या कंपनीचा माणूस दरवर्षी आमच्या चष्म्याच्या दुकानात दोन डायऱ्या देऊन जातो, एक मालकांना, एक मला. माझी मार्चपर्यंत कोरीच राहते आणि मग लेक, चिमी, तिच्यात चित्रं काढते. यंदा मात्र लिहायचं ठरवलंय. यंदा घर घ्यायचंय, आणि कोणत्या कचेरीत कोण काय बोललं हे लिहून ठेवलं नाही तर लोक आपल्यालाच खोटं पाडतात. दुपारी एक ते दोन मालक जेवायला घरी जातात. तेवढा तास माझा. गिऱ्हाईक आलं तर डायरी फ्रेमच्या खोक्याखाली.

घरमालकाने काल परत सांगितलं, मे अखेर खोल्या रिकाम्या करा. त्याच्या मुलाचं लग्न आहे. गेल्या घरमालकाच्याही मुलाचंच होतं. चौदा वर्षांच्या संसारात हे चौथं घर. प्रत्येक वेळी कपाट उचलताना एक पाय मोडतो, आता ते तीन विटांवर उभं आहे. मला पाचव्यांदा सामान बांधायचं नाही. बास झालं.

१४ जानेवारी

बँकेत जाऊन आले. कर्जाच्या टेबलावरचा मुलगा गोड बोलत होता, हे शाळेची बस कंत्राटावर चालवतात म्हटल्यावर त्याचा गोडवा आटला. कंत्राट म्हणजे पगार नव्हे म्हणे. मी म्हटलं, मग महिनाभर आम्ही काय हवा खातो का? तो हसला आणि एक पत्रक पुढे सरकवलं. ‘पहिलं घर’ म्हणून सरकारी योजना आहे. आमच्यासारख्यांच्या कर्जाला सरकार हमी राहतं, आणि सुरुवातीला एकरकमी भरायच्या पैशांतही मदत करतं. अट एकच ठळक छापलेली, नवरा-बायको दोघांच्याही नावावर कुठेही घर नसावं.

ही अट वाचून मला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच आमच्याकडे जे नाही ते उपयोगी पडणार.

२२ जानेवारी

पत्रकावरचा फोन लागतो, पण उचलत कोणी नाही. चौथ्या दिवशी एका बाईंनी उचलला आणि संकेतस्थळावर बघा म्हणाल्या. संकेतस्थळ म्हणतं जवळच्या कक्षात चौकशी करा. कक्ष जुन्या जागेवरून हलवलाय, तिथे आता पासपोर्टचे फोटो काढतात. फोटोवाल्याने मला नवीन पत्ता तोंडपाठ सांगितला. रोज दहाजण विचारतात, आता फोटो सोडून हेच काम करतो, म्हणाला.

पायाचे तुकडे पडलेत. अर्धी रजा कापली जाणार ते वेगळंच.

२ फेब्रुवारी

कक्ष सापडला. चौथी खिडकी. आतल्या बाई पन्नाशीच्या, आवाज बसलेला, आणि चष्मा दर दोन वाक्यांना नाकावरून घसरतो. डावी काडी बाहेर फाकलीय. माझे हात शिवशिवत होते. पण आपण मागायला गेलेल्या, आपण कुणाचा चष्मा ओढायचा नसतो.

अकरा कागद मागितले. दहा समजले. अकरावा म्हणजे घर नसल्याचा दाखला. नोंदणी कचेरीत आपल्या नावाने शोध घेतात, काही सापडलं नाही की शिक्का मारून देतात. “नाही ते नाही म्हणून लिहून मिळायला किती दिवस?” मी विचारलं.

“असेल तर लवकर कळतं,” बाई म्हणाल्या. “नसलेलं शोधायला वेळ लागतो.”

५ फेब्रुवारी

रविवारी आईकडे गेलो. आई दादाजवळ राहते, रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, जिथे मी लहानाची मोठी झाले. वहिनीने नवा ओटा करून घेतलाय, काळा चकचकीत. तो पुसण्यातच तिचा दिवस जातो.

मला वाटलं, आई खूश होईल. ती मटार सोलत राहिली. “घाई काय आहे एवढी?” एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने, “आणि ते नावं वगैरे तपासतात का गं?”

“तपासणारच की. सरकारचे पैसे आहेत.”

“कोणत्या नावाने बघतात? इकडच्या की तिकडच्या?”

मला चीड आली. लेकीचं घर होतंय आणि हिचं भलतंच. खरं सांगायचं तर ही चीड जुनी आहे. बाबा गेल्यावर, त्यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे, ते घर दादाच्या आणि माझ्या नावावर निम्मं निम्मं झालं होतं. माझं लग्न ठरल्यावर आठवड्याभरात वकिलाने कागद आणला आणि माझा हिस्सा मी दादाला सोडून दिला. वाचलाही नाही कागद, मेंदी ओली होती म्हणून कोपराने पान दाबून धरलं होतं. तो कचेरीत जमा करायला आई स्वतः गेली, दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. इतकी घाई लेकाच्या घराची. मी तेव्हा काही बोलले नाही, आताही बोलत नाही. इथे लिहिते आहे तेवढंच.

म्हातारपणी माणूस हट्टी होतं. घरपट्टीसुद्धा अजून आईच भरते, दादाला हात लावू देत नाही, पावत्या शिलाई मशीनच्या खणात कुलपात.

१३ फेब्रुवारी

घरमालक भाड्याचा करारनामा द्यायला तयार नाही. कागद दिला तर त्याचं उत्पन्न दिसतं. त्याच्या दाराशी तीनदा उभी राहिले. तिसऱ्यांदा म्हटलं, काका, करारनामा मिळाला तर मी मेच्या आत स्वतःहून जाते, नाही मिळाला तर कशी जाणार? दुसऱ्या दिवशी सही करून दिला.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “तुझी जीभ चालते म्हणून आपलं चालतं.” कौतुकच असावं.

२० फेब्रुवारी

आज हेही आले होते खिडकीवर. चष्मा घसरणाऱ्या बाईंनी सांगितलं, बायकोचं नाव पहिलं घातलं तर व्याज कमी बसतं, हप्त्यात बराच फरक पडतो. ह्यांनी हसून विचारलं, “म्हणजे मी हिचा भाडेकरू का?” बाई हसल्या नाहीत. मी हसले.

घरी येताना तेच, चिमीसमोर तेच, शेजारच्यांसमोर तेच. “आता वेळेवर भाडं भरावं लागणार बुवा, मालकीणबाई बाहेर काढायच्या.” चौथ्यांदा ऐकल्यावर मी म्हटलं, राहू द्या, तुमचं नाव पहिलं घालू. हे म्हणाले, “मी कुठे काय म्हटलं?” मग जेवणभर एक शब्द नाही. अर्जावर ह्यांचं नाव पहिलं घातलं. व्याज काय, थोडं इकडे तिकडे.

१ मार्च

घर पाहिलं! बस डेपोच्या मागे तिसरा मजला. एका निवृत्त शिक्षिकेचं आहे, एकट्या असतात, आता बहिणीकडे जाणार. स्वयंपाकघराची खिडकी पाण्याच्या टाकीकडे उघडते, म्हणजे समोर कुणाचं तोंड नाही. भिंतीत कपाटं आहेत. विटा लागणार नाहीत.

चिमीने प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावून पाहिला. बाईंनी मला विचारलं, कर्ज कधी होईल? मी मार्चअखेर म्हटलं. त्या म्हणाल्या, तोवर कुणाला दाखवत नाही. इसार म्हणून थोडे पैसे देऊन आले. आईला फोन केला. “खिडकीला गज आहेत का? दाराला आतून कडी नीट लागते का?” सतरा प्रश्न, आनंद शून्य.

६ मार्च

अर्ज परत आला. ह्यांच्या कंत्राटदाराची सही एका पानावर राहिली होती. हे आधीच दमून आलेले, मी सांगितलं मात्र, फाइल भिंतीवर आपटली. कागद पलंगाखाली, कपाटाखाली. चिमी आणि मी गोळा करून क्रमाने लावले. नंतर ह्यांनी स्वतः चहा करून आणला, माझ्यात साखर जास्त टाकून. दमलं की होतं असं माणसाचं. दिवसभर चाळीस मुलांचा आरडाओरडा डोक्यात घेऊन फिरायचं म्हणजे सोपं नाही.

१५ मार्च

आज राहवलं नाही. रांगेत माझ्यामागे कोणी नव्हतं. खिडकीतल्या बाईंना म्हटलं, रागावू नका, चष्मा द्या दोन मिनिटं. पर्समध्ये बारीक पेचकस असतोच माझ्या. काडीचा स्क्रू आवळला, नाकावरचे रबर आत दाबले, कानामागचा बाक थोडा वाढवला. बाईंनी घातला, मान हलवून पाहिली, खाली वाकून पाहिली. घसरला नाही.

“दोन वर्षं झाली हो,” त्या म्हणाल्या. “रोज वाटतं जावं दुकानात.”

मग माझी फाइल काढून आपणहून पाहिली. आणि म्हणाल्या, “अहो, दाखला लग्नानंतरच्या नावाचाच आहे. माहेरच्या नावानेही लागतो. वरचे साहेब यावरच अडवतात. आजच टाका, मी शब्द टाकते.” म्हणजे चष्म्याचं काम फुकट गेलं नाही. नोंदणी कचेरीत माहेरच्या नावाने अर्ज टाकून आले. ते नाव लिहिताना सहीचं वळणच आठवेना.

१७ मार्च

आईचा ताप उतरत नाही म्हणून दादाचा फोन. गेले तर ताप नव्हताच. माहेरच्या नावानेही अर्ज टाकलाय म्हटल्यावर “नव्या नावाचा दाखला चालत नाही का त्यांना?” एवढंच आईने दोनदा विचारलं. वहिनी म्हणते, गेला महिना अशीच करते.

२४ मार्च

माहेरच्या नावाने घर सापडलं.

कारकुनाने कागद माझ्याकडे फिरवला. रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक दोन. दादा निम्मा, मी निम्मी. मी म्हटलं, चूक आहे, मी सोडलंय, चौदा वर्षांपूर्वी. तो म्हणाला, कागद जमा झालेलाच नाही. ह्या घरावर तुमची शेवटची नोंद म्हणजे तुमचे वडील गेले तेव्हाची.

चौथ्या खिडकीवर गेले. बाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. “आता सोडलंत तरी सोडल्या दिवसापासून तीन वर्षं थांबावं लागेल. त्यात माझ्या हातात काही नाही.” त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मला तिथे रडायचं नव्हतं, म्हणून त्यांच्या काडीकडे बघत राहिले. नीट बसली होती.

अडीच महिने दारोदार फिरून मी हे सिद्ध करत होते की मला घर नाही.

२५ मार्च

दुकानात सांगितलं बरं वाटत नाही, आणि आईकडे गेले. दादा कामावर, वहिनी भाजी आणायला गेलेली. चार घरं झाली, कपाटाचे तीन पाय मोडले, पोरीला शाळा बदलायला लागली, आणि हिने एक कागद चौदा वर्षं दाबून ठेवला. सगळं बोलले. कधी बोलले नाही तसं.

आई ऐकून घेऊन उठली. मशीनचा खण उघडला. पावत्यांच्या खाली तोच कागद, माझी सही, कोपऱ्यात मेंदीचा डाग.

“गेले होते मी द्यायला,” ती म्हणाली. “रांगेत बसले. माझा पुकारा झाला. उठवेना गं. म्हटलं पुढच्या आठवड्यात देऊ. मग पुढच्या.”

“आणि चौदा वर्षं?”

“चिमी दोन वर्षांची असताना तू आठ दिवस आली होतीस. आठवतं?”

“पंखा बिघडला होता आमचा.”

“पंखा बिघडला म्हणून कुणी लेकराचे थंडीचे कपडे भरून आणतं का?”

खाली रंगाच्या दुकानात डबे हलवायचं मशीन सुरू होतं, त्याने जमीन बारीक हादरते, लहानपणी हादरायची तशीच.

“तेव्हा ठरवलं,” आई म्हणाली, “हा कागद काही जायचा नाही. उद्या दारात आलीस तर पाहुणी म्हणून यायला नको. आपल्या घरात यायचं. कुणाला विचारायला नको, दादाला नको, वहिनीला नको.” मग म्हणाली, “तुझं घर मोडायला नाही गं केलं.”

मला तिच्यावर अजून ओरडायचं होतं. पण जोर उरला नाही. तिने चहा केला, आम्ही काळ्या ओट्यापाशी उभ्यानेच प्यायलो.

३० मार्च

शिक्षिकाबाईंना जाऊन सांगितलं. इसाराचे पैसे त्यांनी मोजून परत दिले, एकही कापला नाही. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. चिमीने विचारलं, “म्हणजे आपल्याला घर नाहीच का?” मी म्हटलं, अर्धं आहे. ती म्हणाली, कोणतं अर्धं, खिडकीचं की दाराचं?

६ एप्रिल

सगळ्यांची बैठक झाली. बैठक म्हणजे वहिनी बोलली. “आम्ही ओटा केला, नळ बदलले, ते कुणाच्या घरात?” तिचंही चुकत नाही. दादा नखं बघत बसला होता. शेवटी जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “तुझ्या मनावर आहे. मला ठाऊक नव्हतं, एवढं मात्र खरं मान.” मानलं. दादा लबाड कधीच नव्हता. चौदा वर्षं मी उगाच त्याच्या नावाने बोटं मोडली.

ह्यांचं म्हणणं सरळ आहे, लवकर सोडून टाक, म्हणजे तीन वर्षं आजपासून मोजली जातील, तोवर कुठे तरी भाड्याने काढू. हिशेबाने बरोबर आहे. फक्त गेल्या आठवड्यात जाता जाता म्हणाले, “तुझ्या आईने माझ्यावर एवढाही भरवसा ठेवला नाही.” मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेता. गेले सहा दिवस बोलत नाहीत. निरोप चिमीकडून येतात.

१४ एप्रिल

खोल्या शोधतोय. दुकानापासून लांब एक मिळतेय. नळ बाहेर, सामाईक. ह्यांना चालेल म्हणे. चिमीचं विचारलं नाही कुणी.

२१ एप्रिल

आज जायचं ठरलं होतं. हक्क सोडायला आता स्वतः जावं लागतं, बोटांचे ठसे, फोटो. नवा कागद वकिलाने करून दिला. या वेळी पूर्ण वाचला. एका पानाचा आहे, वाचायला चार मिनिटं लागतात. चौदा वर्षांपूर्वीही चारच लागली असती.

नोंदणी कचेरीत लाकडी बाक आहेत. माझा नंबर बासष्ट. सत्तावन्न चालू होता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला. काढून आवळून दिला. एकसष्ट झाला. मग बासष्ट म्हणाले. मी कागद मांडीवर धरून बसले होते. परत एकदा बासष्ट म्हणाले. म्हातारे गृहस्थ म्हणाले, “ताई, तुमचाच ना?”

मी म्हटलं, नाही.

त्रेसष्टवाला गेला. थोडा वेळ तशीच बसले आणि मग बाहेर आले. सकाळपासून डोकं दुखत होतं, उन्हाचं असेल. पुढच्या आठवड्यात बघू. कागद या डायरीच्या मागच्या कप्प्यात ठेवलाय.

घरी ह्यांनी विचारलं, झालं का? अबोल्याला वीस-एक दिवस झाले असतील, त्यानंतरचा हा पहिलाच सरळ प्रश्न. मी म्हटलं, ठसे घ्यायचं मशीन बंद होतं.

२३ एप्रिल

दुपारी दुकानात आईचा फोन. कधी करत नाही या वेळी.

“दिलास कागद?”

“नाही.”

तिच्या मागे वहिनीचं भांडं वाजत होतं.

“बरं,” आई म्हणाली. “रविवारी ये. मशीनच्या खणाची किल्ली देऊन ठेवते. माझ्याने आता जिना होत नाही, यंदापासून घरपट्टी तू भर.”

मी बरं म्हटलं. मालक येताना दिसले म्हणून फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत तीन चष्मे द्यायचेत, त्यातला एक चौथ्या खिडकीच्या बाईंचा, नव्या काचा.

घरपट्टीची शेवटची तारीख ३० जून. विसरायची नाही.